चेटकिणींनी खून करायला सांगितलं नव्हतं

फौजदारी वकिलीत एक सवय लागते. समोरचा कितीही रडून, हात जोडून हकिकत सांगत असला, तरी कान एकाच गोष्टीकडे असतात: नेमके शब्द काय उच्चारले गेले? "तुला बघून घेतो" आणि "तुला जिता सोडत नाही" यांत कोर्टात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' हे नाटक, म्हणजे चेटकिणींचं भाकीत ऐकून स्वतःच्याच राजाचा खून करून गादीवर बसणाऱ्या सरदाराची गोष्ट, मी कॉलेजात वाचलं तेव्हा विजा, भूतं आणि रक्त एवढंच लक्षात राहिलं होतं. मधली बरीच वर्षं साक्षीदारांचे जबाब वाचण्यात गेली. मग पुन्हा हातात घेतलं, तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांत भरली. त्या तीन चेटकिणी मॅकबेथला कुठेही 'राजाला मार' म्हणत नाहीत. एकदाही नाही.

या प्रकरणात मयत भरपूर आहेत. राजा डंकन, त्याचे दोन पहारेकरी, मॅकबेथचा मित्र बँको, फाइफचा सरदार मॅकडफ याची बायको, मुलं आणि घरातली माणसं, इंग्रज सेनापतीचा मुलगा तरुण सीवर्ड, मॅकबेथची बायको लेडी मॅकबेथ, आणि सगळ्यांत शेवटी स्वतः मॅकबेथ. डंकनच्या खुनावर ढीगभर लिहिलं गेलंय. मला त्यापेक्षा चौथ्या अंकातली घटना जास्त छळते: मॅकडफच्या फाइफच्या गढीवरचा हल्ला. डंकनला मारून निदान गादी तरी मिळाली. फाइफमध्ये मॅकबेथला काहीच मिळणार नव्हतं, आणि माझ्या मते त्याचा स्वतःचा मृत्यू तिथेच पक्का झाला. तिथपर्यंत तो कसा पोचला, हे पाहायचंय.

आधी थोडी पार्श्वभूमी

खरा मॅकबेथ 11व्या शतकातला स्कॉटलंडचा राजा. 1040 साली डंकन पडला तो लढाईत, पाहुणा म्हणून झोपलेला असताना नाही, आणि तो नाटकातल्यासारखा म्हातारा तर मुळीच नव्हता. मॅकबेथने पुढे 17 वर्षं राज्य केलं, 1050 साली रोमची यात्रा केली आणि 1057 साली लुम्फानन इथे तो मारला गेला. गादी सोडून इतक्या लांब जाऊन सुखरूप परतणाऱ्या राजाला घरात फार शत्रू नसावेत, असा अंदाज करायला हरकत नाही.

शेक्सपिअरने कथा उचलली राफेल होलिनशेडच्या बखरीतून. तिची पहिली आवृत्ती 1577 ची, दुसरी 1587 ची. झोपलेल्या राजाला यजमानानेच मारण्याचा प्रसंग त्याच बखरीतल्या डफ नावाच्या दुसऱ्याच राजाच्या हकिकतीतला. तो उचलून इथे बसवला. आणखी एक फेरफार तर आरोपपत्रातून नाव गाळण्यासारखा आहे. होलिनशेडमध्ये डंकनच्या खुनात बँकोही सामील आहे. नाटकात तो स्वच्छ. कारण उघड आहे. 1603 साली इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज समजत होता, शेक्सपिअरची नाटकमंडळी त्याच्याच आश्रयाखाली होती, आणि चेटकिणींवर त्याने स्वतः 1597 साली पुस्तक लिहिलं होतं. आश्रयदात्याच्या पूर्वजाला आरोपी कोण करणार?

नाटक 1606 च्या सुमाराचं. छापलं गेलं 1623 मध्ये, शेक्सपिअर गेल्यानंतर सात वर्षांनी.

चिथावणी होती का?

पहिल्या भेटीत चेटकिणी मॅकबेथला तीन सलाम करतात. ग्लॅमिसच्या सरदाराला सलाम. कॉडोरच्या सरदाराला सलाम. पुढे राजा होणाऱ्याला सलाम.

आता हे तिन्ही सुटे करून पाहू. ग्लॅमिसची सरदारी बाप वारल्यापासून त्याच्याकडेच आहे. कॉडोरची सरदारी डंकनने आधीच्याच प्रवेशात त्याला देऊन टाकलीय आणि ती बातमी घेऊन रॉस नावाचा सरदार निघालाय. प्रेक्षकांना ते ठाऊक आहे, मॅकबेथला नाही. म्हणजे पहिलं वाक्य माहिती, दुसरं लवकर पोचलेली बातमी, आणि भाकीत म्हणावं असं एकच, तिसरं. बाहेरगावचा ज्योतिषी चावडीवर बसून जे करतो तेच हे. आधी "घरात एक मृत्यू झालाय, जमिनीचा वाद आहे" असं दोनदा बरोबर सांगायचं, मग तिसऱ्याला माणूस डोळे मिटून मान डोलावतो. बँको हे तिथल्या तिथे ओळखतो. अंधाराचे हस्तक किरकोळ गोष्टींत खरं बोलून आपल्याला जिंकतात आणि मोठ्या गोष्टीत गळा कापतात, असं तो मित्राला तोंडावर सांगतो.

मॅकबेथचं लक्ष नसतं. तो बाजूला होऊन स्वतःशी बोलतोय, आणि त्या बोलण्यात 'खून' हा शब्द येतो. हा शब्द कुणी त्याच्या तोंडात घातलेला नाही. राजा होशील म्हटल्यावर माणसाला राज्याभिषेक दिसायला हवा. याला प्रेत दिसलं. अंगावर काटा येतो, छाती धडधडते. पण लगेच पुढे तो म्हणतो, नशिबाला मला राजा करायचंच असेल तर माझ्या हातपाय हलवण्याशिवाय करू दे. हे वाक्य मी पेन्सिलने दोनदा अधोरेखित केलंय. इथे तो थांबला असता तर गुन्हाच घडला नसता. मनात आलेला विचार कुठल्याही कायद्यात गुन्हा नाही.

चिथावणीची कायद्यातली व्याख्या आमच्या तोंडपाठ असते. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 107, आता भारतीय न्याय संहितेचं 45. तीन वाटा आहेत: उठवून बसवणं, कटात सामील होणं, किंवा जाणूनबुजून मदत करणं. चेटकिणी यांपैकी एकाही वाटेने जात नाहीत. लेडी मॅकबेथ तिन्ही वाटांनी जाते. "हे प्रकरण आपण इथेच थांबवू" असं नवरा स्पष्ट म्हणत असताना ती त्याचं पुरुषत्व काढते. पहारेकऱ्यांना दारूतून गुंगीचं औषध द्यायची योजना तिची. आणि खून करून तो हातात रक्ताळलेले खंजीर तसेच घेऊन आला, तेव्हा ते परत नेऊन झोपलेल्यांच्या अंगाशी ठेवायला, त्यांना रक्त फासायला तीच गेली. मुद्देमाल हलवणारी आरोपी क्रमांक दोन. तरी तिच्या बाजूने एक गोष्ट नोंदवून ठेवतो. झोपलेला राजा तिला तिच्या बापासारखा दिसला, नाहीतर मीच केलं असतं, असं ती म्हणते. शेवटी तिची झोप उडते, हात धुऊन संपत नाहीत, त्याची सुरुवात मला इथे दिसते.

विशाल भारद्वाजच्या 2003 सालच्या 'मकबूल'मध्ये ही कथा मुंबईच्या गुन्हेगारी जगात आणलीय आणि चेटकिणींच्या जागी कुंडल्या मांडणारे दोन पोलीस आहेत. तो बदल गंमतीचा खरा, पण माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने मोठा आहे. ते दोघं नुसतं भाकीत करून बाजूला होत नाहीत, सत्तेचा तराजू सांभाळायला स्वतः हात घालतात. त्यांच्यावर आरोप ठेवता येईल. माळरानावरच्या तिघींवर येणार नाही.

आणि सगळ्यांत मोठा पुरावा म्हणजे बँको. तीच जागा, तीच वेळ, त्याच तोंडांनी त्यालाही भाकीत सांगितलं: तू राजा होणार नाहीस, पण तुझ्या वंशात राजे होतील. त्याने कुणाला मारलं नाही. अगदी धुतल्या तांदळासारखाही तो नाही, हेही सांगायला हवं. डंकनच्या खुनानंतर मॅकबेथवर त्याचा संशय आहे. 'तुला सगळं मिळालं, पण तू घाणेरडा डाव खेळलास अशी मला भीती वाटते,' असं तो एकटा असताना बोलतो. मग मनात येतं, याचं खरं ठरलं तर माझंही ठरेल. आणि तो गप्प बसतो. साक्षीदाराची ही गप्प बसण्याची जात मी फार पाहिली आहे. तिची किंमत नेहमी साक्षीदारच चुकवतो.

एका भाकितावर विश्वास, दुसऱ्याशी भांडण

गादीवर बसल्यावर मॅकबेथचं डोकं वेगळ्याच ठिकाणी अडकतं. माझ्या डोक्यावर वांझ मुकुट ठेवला, बँकोच्या पोरांसाठी मी माझा आत्मा विकला, हा त्याचा जळफळाट. बघा, त्याच तिघींचं एक वाक्य त्याने ब्रह्मवाक्य मानलं आणि खून केला. दुसरं खोटं पाडायला तो मारेकरी बोलावतो. भाकितं खरी असतील तर बँकोच्या पोराला मारता येणार नाही, आणि खोटी असतील तर मारायची गरज नाही. हा साधा तर्क त्याला सुचत नाही.

आपल्याकडचा वाचक इथे कंसाकडे वळतो आणि ते योग्यच आहे. पण कंसाला निदान स्वतःच्या मृत्यूची आकाशवाणी ऐकू आली होती. मॅकबेथला बँकोकडून कुठलाच धोका सांगितलेला नव्हता. राज्य त्याचं त्याच्यापाशीच राहणार होतं, फक्त पुढे त्याच्या घरात जाणार नव्हतं. तेवढ्यासाठी अंधाऱ्या वाटेवर तीन मारेकरी उभे राहतात. बँको पडतो, मशाल विझते आणि मुलगा फ्लिअन्स निसटतो. देवकीचा आठवा वाचतो तसाच.

मेजवानीच्या प्रवेशाबद्दल मी फार लिहीत नाही. बँकोचं भूत खुर्चीत बसतं, फक्त मॅकबेथला दिसतं, पाहुणे उठून जातात. त्याच रात्री तो म्हणतो की मी रक्तात इतका आत आलोय की परत फिरणं आणि पलीकडे जाणं सारखंच कष्टाचं. त्या वाक्यातला हिशोब चुकीचा आहे, पण तो इतक्या थकल्या आवाजात केलेला आहे की राग येत नाही.

न वाचता केलेली सही

दुसऱ्या वेळी चेटकिणी त्याला गाठत नाहीत, तो स्वतः त्यांच्याकडे जातो. कढईतून तीन आकृत्या वर येतात. शिरस्त्राण घातलेलं मुंडकं म्हणतं, मॅकडफपासून जप, फाइफच्या सरदारापासून जप. रक्तबंबाळ मूल म्हणतं, स्त्रीच्या पोटी जन्मलेला कुणीही मॅकबेथला इजा करणार नाही. हातात झाड धरलेलं, मुकुट घातलेलं मूल म्हणतं, बर्नमचं जंगल डन्सिनेनच्या टेकडीवर चालून येईपर्यंत तुझा पराभव नाही.

आपल्याला हिरण्यकशिपू माहीत आहे. घरात नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही. माणसाकडून नाही, पशूकडून नाही. मग उंबरा, संध्याकाळ आणि नरसिंह. मराठी माणसाला असलं वरदान ऐकलं की आधी फट कुठे आहे हे शोधायची सवय लहानपणापासून असते. फरक एवढाच की हिरण्यकशिपूने स्वतःची कलमं स्वतः घातली होती. मॅकबेथला दुसऱ्याने मसुदा दिला आणि त्याने न वाचता सही केली. आणि उत्तर तर डोळ्यांसमोर उभं होतं. जन्माबद्दल बोलणारं मूल रक्ताने माखलेलं आहे, जंगलाबद्दल बोलणाऱ्याच्या हातात तोडलेलं झाड आहे. पुरावा समोर ठेवलेला असताना याने फक्त जबाब ऐकला.

पहिलं आणि दुसरं वाक्य एकमेकांना छेद देतात. मॅकडफला जप, पण स्त्रीच्या पोटचा कुणी काही करू शकणार नाही. मॅकबेथला हे कळतं. तो म्हणतो, मग जग बाबा मॅकडफ, तुला मी कशाला घाबरू? आणि त्याच दमात: तरी दुप्पट खात्री करून घेतो, तू जगणार नाहीस. विश्वास आणि अविश्वास एकाच वाक्यात नांदतात. चेटकिणी निघून गेल्यावर लेनॉक्स नावाचा सरदार बातमी आणतो की मॅकडफ इंग्लंडला पळाला. मॅकबेथ ठरवतो की यापुढे मनात पहिलं येईल ते हातून पहिलं होईल. डंकनच्या वेळी रात्रभर विचार करणारा माणूस आता विचारच नको म्हणतो. मनात आलेलं पहिलं काय? मॅकडफचं घर. बायको, मुलं, रक्ताचं जे कुणी असेल ते.

मुंडक्याने मॅकडफचं नाव घेतलं होतं. बायकोचं नाही, मुलांचं नाही. बँकोच्या वेळचं 'वंश तोडा' हे वेड इथे विनाकारण येऊन बसलंय. घरात स्वतःचं मूल नसलेल्या राजाला दुसऱ्याचं भरलेलं घर दिसलं.

फाइफ

हा प्रवेश लहान आहे. मॅकडफची बायको नवऱ्यावर संतापलेली आहे. न सांगता निघून गेला, आम्हाला वाऱ्यावर टाकून. इवलासा पक्षीसुद्धा घरट्यातल्या पिलांसाठी घुबडाशी झुंजतो, असं ती रॉसला सुनावते. रॉस तिची समजूत काढतो आणि जास्त थांबलो तर रडू कोसळेल म्हणून निघतो. त्याचं हे निघणं लक्षात ठेवा.

मग आई आणि मुलगा. ती म्हणते, तुझे बाबा मेले, आता तू कसा जगशील? पक्षी जगतात तसा, तो म्हणतो. काय, किडे आणि माश्या खाऊन? जे मिळेल ते खाऊन. पुढे तो विचारतो, बाबा गद्दार होते का? गद्दार म्हणजे काय? शपथ घेऊन खोटं बोलतो तो. आणि अशा सगळ्यांना फाशी द्यायची? सगळ्यांना. कुणी द्यायची? सज्जनांनी. मग ते खोटं बोलणारे मूर्खच म्हणायचे, पोरगं म्हणतं, कारण ते इतके आहेत की सज्जनांनाच धरून लटकावतील.

मी इथे नेहमी हसतो. हसू ओठांवर असतानाच निरोप्या येतो, पळा म्हणतो, आणि पाठोपाठ मारेकरी. ते बापाला गद्दार म्हणतात. आत्ताच त्या शब्दाचा अर्थ शिकलेला मुलगा उसळून 'खोटं बोलतोस' म्हणतो. मारेकरी त्याला 'अंडं' म्हणून भोसकतो. अंडं! पक्ष्यांची सगळी भाषा त्या एका शिवीत फुटते. याने मला मारलं, आई, तू पळ, हे मुलाचे शेवटचे शब्द. डंकनचा खून पडद्याआड होतो. हा आपल्यासमोर होतो.

बातमी

खटल्यातला सगळ्यांत बारकाईने वाचावा असा जबाब रॉसचा आहे. तो इंग्लंडात पोचतो. तिथे माल्कम, म्हणजे डंकनचा थोरला मुलगा, फौज जमवतोय, आणि मॅकडफही तिथेच आहे. मॅकडफ विचारतो, बायको कशी आहे? ठीक. आणि मुलं? तीही ठीक. त्या जुलमी माणसाने त्यांच्या शांततेला हात लावला नाही ना? नाही, रॉस म्हणतो, मी त्यांना सोडून निघालो तेव्हा ती शांत होती.

शब्द न् शब्द खरा. तो निघाला तेव्हा ती जिवंत होती, आणि आता तर कायमची शांत आहेत. नरो वा कुंजरो वा! धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ त्या एका वाक्याने खाली टेकला होता. रॉसचा रथ मुळात वर नव्हताच, तो बिचारा फक्त ती बातमी तोंडातून काढू शकत नव्हता. पण हीच तर चेटकिणींची भाषा आहे! ऐकणाऱ्याला एक अर्थ लागेल आणि बोलणारा दुसऱ्या अर्थाच्या आड सुरक्षित राहील, अशी वाक्यं. त्या कपटाने वापरतात, हा कीव येऊन वापरतो.

1606 च्या लंडनमध्ये प्रेक्षकांना ही भाषा फार जवळून माहीत होती. नोव्हेंबर 1605 मध्ये पार्लमेंट सुरुंगाने उडवून राजाला मारण्याचा कट उघडकीस आला होता. त्या कटाची माहिती असल्याच्या आरोपावरून हेन्री गार्नेट या जेझुइट धर्मगुरूवर पुढच्या मार्चमध्ये खटला चालला आणि मे महिन्यात त्याला फाशी झाली. शपथेवरही दुहेरी अर्थाचं बोलता येतं या त्याच्या शिकवणीवरून त्याला कोर्टात सोलून काढलं होतं. डंकनच्या खुनानंतर दार उघडायला येणारा दारुडा दारवान अशाच एका दोन्ही बाजूंनी शपथ घेणाऱ्याला नरकात घेतो, तो विनोद ताज्या खटल्यावरचा होता.

शेवटी रॉस सांगतो. मॅकडफ काहीच बोलत नाही. त्याने टोपी कपाळावर ओढून घेतलीय, हे आपल्याला माल्कमच्या तोंडून कळतं. टोपी ओढू नकोस, दुःखाला बोलू दे, असं माल्कम म्हणतो. मग मॅकडफ तुटक तुटक विचारतो. मुलंही? बायकोसुद्धा? सगळी? माझी सगळी पिल्लं आणि त्यांची आई, एकाच झडपेत? रॉसने आधीच सांगितलेलं तो पुन्हा पुन्हा विचारतो. कोर्टाच्या आवारात, शवविच्छेदनगृहाबाहेर माणसं नेमकं असंच विचारतात. उत्तर माहीत असतं.

माल्कम घाईत आहे. चला, सूड हेच औषध करू, तो म्हणतो. याला सहाणेवर घास, दुःखाचा राग होऊ दे. त्याला फौजेत एक धारदार माणूस हवाय आणि तो आत्ता, या क्षणी तयार होतोय. मॅकडफचं उत्तर तीनच शब्दांचं: त्याला मुलं नाहीत. कोणाला? मॅकबेथला मुलं नाहीत, म्हणून त्याच्यावर बरोबरीचा सूड उगवता येणार नाही? की मूल नसलेलाच असं करू शकतो? की हे माल्कमला उद्देशून आहे, म्हणजे तुला मुलं असती तर इतक्या लवकर औषधाच्या गोष्टी बोलला नसतास? मी तिसऱ्या अर्थाकडे झुकतो. कारण पुढे माल्कम मर्दासारखं सहन कर म्हणतो, तेव्हा मॅकडफ म्हणतो, करीन. पण माणसासारखं मला ते भोगूही दे. आणि तिसरी गोष्ट, जी सूडाच्या नाटकांत नायक सहसा बोलत नाही: पापी मॅकडफ, ती सगळी तुझ्यामुळे मारली गेली. बायकोने घुबडाचं नाव घेऊन जे म्हटलं होतं, ते त्याने न ऐकताही स्वतःला ऐकवलं.

तर 'मॅकडफपासून जप' या भाकिताचं काय झालं? फाइफच्या आधी मॅकडफ हा राज्याभिषेकाला न गेलेला, मेजवानीला न आलेला, नाराज होऊन पळालेला एक सरदार होता. असे सरदार माल्कमच्या फौजेत आणखी आले असते आणि लढाईत कुणाशीही लढले असते. फाइफनंतर तो असा माणूस झाला, ज्याला मॅकबेथ सोडून कुणावर तलवार उगारायचीच नाही. धोक्याची सूचना खरी करण्याचं काम मॅकबेथने स्वतःच्या खर्चाने पूर्ण केलं.

जंगल

माझ्याकडे एक अशील होता. जमिनीचा दावा. कुणा ज्योतिषाने त्याला सांगितलं की निकाल तुझ्याच बाजूने आहे, ग्रह बसलेत. त्याने तारखांना यायचं बंद केलं. फोन केला की म्हणायचा, वकीलसाहेब, काळजी नको, ठरलंय. दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला. तो पुन्हा लावून घेताना माझी जी दमछाक झाली, ती मला पाचवा अंक वाचताना हटकून आठवते.

कारण डन्सिनेनचा किल्ला भक्कम आहे. मॅकबेथ स्वतः म्हणतो, वेढा घालू देत, उपासमार आणि तापाने मरतील. हा लष्करी विचार बरोबर आहे. बर्नमपासून डन्सिनेनची टेकडी सुमारे 20 किलोमीटर. तिकडे माल्कम सैनिकांना एकेक फांदी तोडून पुढे धरायला सांगतो, संख्या कळू नये म्हणून. त्याला भाकीत माहीतच नाही! तो फक्त शहाण्या सेनापतीसारखा वागतोय. पहारेकरी धापा टाकत येतो: तीन मैलांवर जंगल हलताना दिसतंय. आणि मॅकबेथ, ज्याने आत बसून राहायचं होतं, शस्त्रं घ्या, बाहेर चला, असं ओरडतो. फांद्यांनी किल्ला पडत नाही. भाकितावरचा विश्वास पडला, आणि तो तटबंदीबाहेर आला.

मैदानात तो मॅकडफला टाळतो. बाकी सगळ्यांपेक्षा तुलाच मी चुकवत होतो, मागे फिर, तुझ्या माणसांच्या रक्ताने माझा आत्मा आधीच जड झालाय, असं म्हणतो. पाचही अंकांत फाइफबद्दल त्याच्या तोंडून निघालेली कबुली ती एवढीच. मग तो आपलं वरदान सांगतो आणि मॅकडफ त्याला जन्माची हकिकत सांगतो: आईच्या पोटातून वेळेआधी फाडून काढलेला. त्या काळी असं मूल बहुधा मेलेल्या किंवा मरणाऱ्या आईच्या पोटातून काढत. म्हणजे हा माणूस जन्मला तोच एका मृत्यूतून. मॅकबेथ म्हणतो, मी तुझ्याशी लढत नाही. पण शरण जाऊन पोराटोरांपुढे तमाशा व्हायचंही त्याला नको आहे, म्हणून लढतो.

दरम्यान म्हातारा सीवर्ड, इंग्रज फौजेचा सेनापती, याला कळतं की त्याचा मुलगा मॅकबेथच्या हातून पडला. तो एकच विचारतो: जखमा पुढून होत्या का? पुढून. मग देवाचा सैनिक झाला तो. माल्कम म्हणतो, तो अधिक शोकाच्या लायक आहे, तो शोक मी करीन. नाही, बाप म्हणतो, त्याच्या लायकीचं एवढंच. त्याच मैदानावर, त्याच माणसाने मूल मारलेले दोन बाप. एकाने सूड घेतला, दुसऱ्याने हिशोब मिटवला. कुणाचं बरोबर हे ठरवायला मला जमलेलं नाही. सीवर्डचं ऐकताना मात्र मॅकडफची टोपी डोळ्यांपुढे येते.

आपल्या रंगभूमीला हे नाटक परकं नाही. शि. म. परांजप्यांनी 'मानाजीराव' केलं, 1954 मध्ये शिरवाडकरांचं 'राजमुकुट' आलं. तरी मराठी वाचकांशी बोलताना शेवटाबद्दल एक गैरसमज मला वारंवार भेटतो: न्याय झाला, सगळं मार्गी लागलं. मॅकडफ मॅकबेथचं मुंडकं घेऊन येतो, माल्कम राजा होतो, सरदारांना नव्या पदव्या वाटतो. नाटकाच्या दुसऱ्या प्रवेशातही एका बंडखोराचं मुंडकं तटावर लावलं होतं आणि राजाने एका शूर सरदाराला नवी पदवी दिली होती. तो शूर सरदार मॅकबेथ होता.

आणि बँकोला सांगितलेलं भाकीत अजून फेडायचं बाकी आहे. गादीवर माल्कम बसला. माल्कमचा धाकटा भाऊ डोनलबेन फौजेबरोबर आलेलाच नाही, हे लढाईआधी कुणीतरी सहज विचारतं तेव्हा कळतं. आणि फ्लिअन्स? बापाचा खून डोळ्यांदेखत पाहून अंधारात पळालेला मुलगा, ज्याच्या वंशात राजे व्हायचे आहेत. सगळे स्कोनला राज्याभिषेकाला निघतात. तो कुठे आहे, हे कुणीच विचारत नाही.